फॉरमॅट मारायच्या आधी

अगं, तू आता स्वतःच्या नावावर एएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या वार्षिक देखभालीची कामं, घ्यायला लागलीस, तेव्हा आधी कॅलेंडरचं सांगते. मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतात. २००३ पासूनचा हा शिरस्ता. तिकडे मायक्रोसॉफ्टच्या गावी सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. म्हणजे आपली मशिनं बुधवारी दिवसभरात ती उतरवून घेतात. संध्याकाळी दुकान बंद करताना कोणीतरी ‘अपडेट अँड शट डाउन’ वर टिचकी मारतं, आणि पडद्यावरचा आकडा पुढे सरकतोय तोवर दुसरं कोणीतरी मेन स्विच खाली ओढतं. त्यात पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची महावितरणची जुनी पद्धत. तेव्हा दुसऱ्या मंगळवारनंतरचा गुरुवार आणि शुक्रवार तू दुसऱ्या कामांना देऊ नकोस. त्या दोन दिवसांत सीए, पतसंस्था, शाळेचं ऑफिस, सगळे एकदम आठवण काढतात.

फोनवर ‘कॉम्प्युटर बंद पडला’ एवढंच कळतं. त्यावर लगेच गाडीला किक मारू नकोस. पंखा फिरतो का, कंपनीचं नाव उमटतं का, त्याखाली ठिपके गोल फिरतात का, निळा पडदा येतो का, काळ्या पडद्यावर नुसता बाण दिसतो का, हे एकेक करून विचार. काहीच उमटत नसेल तर आधी एसएमपीएस आणि रॅम बघायची. नाव उमटून पुढे अडत असेल तर गोष्ट डिस्क आणि विंडोजची. पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घे, कारण खाली बारीक अक्षरात जो स्टॉप कोड असतो तो कोणीही धड वाचून सांगत नाही. आणि बजाव की मी येईपर्यंत हात लावू नका. हे बजावणं महत्त्वाचं, कारण तोवर शेजारच्या दुकानातला कोणीतरी हुशार मुलगा येऊन ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणालेला असतो.

माझी पद्धत साधी आहे. ज्या पावलावरून मागे येता येतं ते आधी, ज्यावरून येता येत नाही ते सगळ्यात शेवटी, आणि दोन्हींच्या मध्ये डेटाची कॉपी. वायर काढली तर परत लावता येते. अपडेट काढलं तर परत घालता येतं. सेफ मोडमध्ये नुसतं डोकावून आलं तर फारसं काही बदलत नाही. चेकडिस्क चालवली, बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या, रिसेट दाबलं, की परतीची वाट अरुंद होत जाते. फॉरमॅटनंतर तर ती उरतच नाही. आपल्या धंद्यातली बरीच पोरं उलट टोकाकडून सुरुवात करतात, कारण फॉरमॅटला डोकं लागत नाही आणि दीड-दोन तासांत बिल हातात पडतं.

तर पोचल्यावर पहिलं काम वाट बघणं. आकडा एकाच जागी थांबलाय असं वाटतं, पण कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. जुन्या फिरत्या डिस्कवर वर्षाचं मोठं अपडेट कित्येक तास घेतं. ‘अनडूइंग चेंजेस’ असं आलं असेल तर मशिन स्वतःच मागे फिरतंय, त्याला फिरू दे; ते अर्ध्यात तोडलं की साधं दुखणं अवघड होतं. दिवा बराच वेळ मेल्यासारखा असेल तेव्हाच पुढचा विचार. काळ्या पडद्यावर फक्त बाण असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबून बघ. डिस्प्लेचा ड्रायव्हर झटकून परत उभा राहतो, एक बीप ऐकू येतो, आणि कधीकधी तेवढ्यावर चहा पिऊन घरी जाता येतं.

मग मशिन उघडं कर, म्हणजे बाहेरून लावलेलं सगळं काढ. प्रिंटर, स्कॅनर, बोटांच्या ठशांचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह तर हमखास. रिटर्न्स कॉपी केलेला कोणाचा तरी मागच्या बाजूला अडकलेला असतो आणि मशिन त्याच्यावरून बूट व्हायला बघत असतं. हे झालं की बायोसमध्ये जाऊन घड्याळ बघ. तारीख पाच-दहा वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्या दुकानांत हा सेल लवकर बसतो, आणि बसला की बायोसची सगळी सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात, डिस्क कोणत्या मोडमध्ये वाचायची तेही. मग विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखू येत नाही आणि निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. आदल्या दिवशी अपडेट झालेलं असतं म्हणून सगळे त्याला शिव्या घालतात. नवा सेल घाल, मोड पहिल्यासारखा कर. म्हणूनच प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बायोसच्या त्या पानाचा फोटो मशिन धडधाकट असतानाच काढून ठेवायचा.

हे सगळं करूनही गाडी अडली तर विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं. सलग दोनदा सुरू होताना अडखळलं की विंडोज आपणहून तिथे नेतं. नेत नसेल तर कंपनीचं चिन्ह दिसल्या दिसल्या पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद कर, असं दोनदा, आणि तिसऱ्यांदा चालू होऊ दे. अपडेटचा आकडा चालू असताना मात्र हे बिलकूल करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तेही जमलं नाही तर आपला इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावून त्यातून दुरुस्तीचा पर्याय निवडायचा. आठ जीबीचा पुरतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून करून घे आणि वरचेवर ताजा करत जा.

आणि एक गोल पिनचा जुना पीएस-टू कीबोर्ड पिशवीत असू दे. हसू नकोस. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज अकराचं जे अपडेट आलं, त्यानंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस दोन्ही चालेनात. समोर ‘ट्रबलशूट’ लिहिलेलं दिसतंय आणि त्यावर जाता येत नाही! सहा दिवसांनी, २० तारखेला, त्यावरचं तातडीचं अपडेट निघालं. पण तेवढ्या काळात ज्यांचं मशिन आधीच आडवं होतं त्यांना तो उतारा घालायचा कुठून? मागे गोल पिनची जागा असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर आपला कीबोर्ड लावला की काम होत होतं. बाकीच्यांना बाहेरचा पेनड्राइव्ह.

या पडद्यावर बऱ्याचदा पहिला अडसर येतो बिटलॉकरचा. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. गिऱ्हाईक म्हणणार, आम्ही असं काही लावलंच नव्हतं. खरं असतं त्याचं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून खात्यातली बरोबर किल्ली शोधायची. खातं कोणाचं, हा खरा तपास. दुकानातल्या विक्रेत्याने लॅपटॉप देताना स्वतःच्याच ईमेलने चालू करून दिला, असंही निघतं. मालकाच्या मुलाचं कॉलेजचं खातं निघतं. सोडून गेलेल्या अकाउंटंटचं निघतं. २०२५ च्या मे महिन्यात विंडोज दहाच्या अपडेटनंतर इंटेलच्या काही मशिनांनी कारण नसताना ही किल्ली मागितली होती. किल्ली कुठेच नसेल तर आतला डेटा कोणालाही काढता येत नाही, मलाही नाही आणि ‘काढून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांग, खोटी आशा लावू नकोस.

किल्ली मिळाली, किंवा लागलीच नाही, की दुरुस्तीला हात घालायच्या आधी कॉपी. याचीच मला सगळ्यात जास्त काळजी असते, म्हणून जरा सविस्तर ऐक. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघड आणि नुसतं ‘नोटपॅड’ टाइप कर. वही उघडेल. त्यातल्या फाइल मेनूतून ‘ओपन’ घे, खाली ‘ऑल फाइल्स’ निवड, आणि बघ, सगळी डिस्क समोर. तिथूनच उजवं बटण दाबून फोल्डर कॉपी करायचा आणि तुझ्या ड्राइव्हवर पेस्ट करायचा. किती टक्के झालं ते दिसत नाही, खिडकी मेल्यासारखी वाटते, पण आत कॉपी चालू असते. घाई करून बंद करू नकोस. मोठं काम असेल तर रोबोकॉपी वापर. इथे सी ड्राइव्ह हा सीच असेल असंही धरून चालू नकोस, दुरुस्तीच्या पडद्यावर अक्षरं बदलतात. यूझर्स आणि विंडोज ही फोल्डरं जिथे दिसतील तो खरा. आणि तुझा ड्राइव्ह फॅट थर्टीटूमध्ये फॉरमॅट केलेला नको, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि वकिलांच्या आउटलुकची एकेक फाइल त्याहून जाडजूड असते.

काय कॉपी करायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळेच करतात. टॅलीचा डेटा कुठे आहे ते विचारून घे. तो यूझरच्या स्वतःच्या फोल्डरात बहुधा नसतो, कोणीतरी कधीतरी भलत्याच जागी ठेवलेला असतो. आणि विंडोजच्या आतलं फॉन्ट्सचं फोल्डर. हे बाहेरगावच्या कोणत्याही पुस्तकात तुला सापडणार नाही. अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्याकडे, जुन्या शाळेत, सहकारी संस्थांत पंधरा-वीस वर्षांच्या फाइली श्रीलिपीच्या नाहीतर कृतिदेवच्या फॉन्टमध्ये आहेत. युनिकोड नव्हे, जुन्या घाटणीच्या. तो फॉन्ट मशिनवर नसला की अख्खा सभावृत्तांत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा दिसतो, आणि सेक्रेटरी म्हणतात, ‘मॅडम, तुम्ही डेटा खराब केलात.’ फॉन्ट परत टाकला की मराठी उमटतं, पण त्यासाठी तो हाताशी हवा. नेमका कोणता होता हे कोणालाही आठवत नसतं, म्हणून सगळंच फोल्डर उचल.

कॉपी करताना एखादी फाइल अडकली, डिस्कमधून टकटक आवाज आला, तर आजार अपडेटचा नाहीच. डिस्क जायला निघाली आहे. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवायची नाही. ती तिला अखेरचं पळवते. मशिन बंद कर, डिस्क काढ, दुसऱ्या मशिनला केसमधून लाव आणि आधी महत्त्वाचं तेवढं उतरवून घे. मग हे नेमकं अपडेटनंतरच का दिसतं? खूप मशिनं महिनोन्‌महिने रिस्टार्ट झालेलीच नसतात. लॅपटॉपचं झाकण नुसतं पाडतात आणि उघडतात. डेस्कटॉप ‘शट डाउन’ केला तरी फास्ट स्टार्टअपमुळे आतला कर्नल पूर्ण उतरत नाही. खरा रिस्टार्ट होतो तो अपडेटच्या दिवशी, आणि आतला सगळा जुनाट रोग त्या दिवशी बाहेर येतो.

अपडेटवर सरसकट खापर फोडू नये असं म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये एक्सपीच्या एका सुरक्षा अपडेटनंतर पुष्कळ मशिनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टने शोधलं तेव्हा कळलं की त्या मशिनांत अल्युरॉन नावाचा रूटकिट आधीच घुसून बसला होता. अपडेटने कर्नलची मांडणी बदलली आणि त्याचा पाय घसरला. अपडेट काढून मशिन चालू करून दिलं असतं तर गिऱ्हाईक खूश झालं असतं आणि चोर घरात राहिला असता. त्यामुळे मशिन उठलं की व्हायरसची तपासणी झाल्याशिवाय नेट जोडू नकोस.

आता दुरुस्ती. खरं सांगू, ती या सगळ्यातली सर्वांत छोटी पायरी. ‘स्टार्टअप रिपेअर’ एकदा चालू दे. त्याला जमलं नाही तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तिथे दोन पर्याय असतात: महिन्याचं ते क्वालिटी अपडेट, वर्षाचं ते फीचर अपडेट. काल-परवा जे आलं ते काढ. वर्षाचं मोठं अपडेट दहा दिवसांच्या आतच मागे घेता येतं. त्यानंतर जुनी विंडोज ठेवलेलं फोल्डर सिस्टीम पुसून टाकते, म्हणून ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तारीख मोजून दाखव. रिस्टोअर पॉइंट असेल तर तोही वापर, त्याने कागदपत्रांना धक्का लागत नाही. ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा संशय असेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधून चार आकडा दाबून सेफ मोड, आणि तिथून तो काढायचा.

सेफ मोडची किंमत जगाला १९ जुलै २०२४ ला कळली. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपल्या वेळेप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमाराला सुटली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने तासा-सव्वा तासात फाइल मागे घेतली, पण मशिनच उठत नाही तर नवी फाइल घेणार कशी? उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरातल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरात जायचं, २९१ आकड्याची ती एक फाइल पुसायची, रिस्टार्ट. प्रत्येक मशिनसमोर माणूस जाऊन. तिथेही बिटलॉकरच्या किल्ल्या ज्यांनी नीट ठेवल्या होत्या ते आधी सुटले. त्या दिवशी कोणी फॉरमॅट मारला असेल तर त्याने एका फाइलसाठी घर पाडलं.

कमांड प्रॉम्प्टवरची औषधं तुला क्लासमध्ये शिकवली असतील. अर्धवट लागलेलं अपडेट मागे घ्यायला डिस्मचा ‘रिव्हर्ट पेंडिंग अ‍ॅक्शन्स’, सिस्टीमच्या फाइली तपासायला एसएफसी, तोही ऑफलाइनची ड्राइव्हअक्षरं देऊन, आणि बूटच्या फाइली नव्याने लिहायला बीसीडीबूट. बूटरेकची फिक्सबूट नव्या यूईएफआय मशिनवर बऱ्याचदा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणते. तिच्याशी झटापट करण्यापेक्षा बीसीडीबूट बरी. तुक्क्याने मात्र काही टाइप करायचं नाही.

लिनक्सवाला एखादाच भेटेल. उबुंटू असेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा मेनू आण, अ‍ॅडव्हान्स्डमधून आधीचा कर्नल निवड. बहुतेक वेळा तेवढ्यावर उठतं. विंडोज आणि लिनक्स एकाच मशिनवर नांदवणाऱ्यांना ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्याच अपडेटने दणका दिला होता, लिनक्सचा शिम नावाचा जुना बूटलोडर सिक्युअर बूटने नाकारला. ‘शिम’ आणि ‘एसबीएटी’ असे शब्द पडद्यावर दिसले तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स अपडेट कर आणि परत चालू कर. बिटलॉकर असेल तर आधी किल्ली हाताशी.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर रिसेट. ‘कीप माय फाइल्स’ म्हणतं ते फाइलींपुरतंच. टॅली, श्रीलिपी, टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, सगळी सॉफ्टवेअर जातात. परवाने आणि पासवर्ड आहेत का ते आधी विचार. फॉरमॅट त्याच्याही नंतर, आणि तेही शक्यतो नव्या एसएसडीवर. जुनी डिस्क तशीच काढून गिऱ्हाइकाला पाकिटात घालून दे. कुठलं तरी फोल्डर राहिलंय असं महिनाभराने हमखास आठवतं.

मशिन उठल्यावर अपडेट्स थोडी थांबव, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात. एक-दोन आठवडे पुरतात, तोवर सुधारलेलं अपडेट आलेलं असतं. कायमची बंद करून देऊ नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी. प्रत्येक गिऱ्हाइकाची वही कर: बिटलॉकरची किल्ली, बायोसचा फोटो, टॅलीची जागा, फॉन्टची कॉपी. किल्ली कॅबिनेटवर चिकटवायची नाही.

आणि पैशांचं. डेटा कॉपीचे वेगळे लावायचे आणि काम सुरू करायच्या आधी सांगायचे. ‘दोन बटणं तर दाबलीत’ म्हणणारा भेटेलच. त्याच्याशी वाद घालू नकोस, बिलावर दुरुस्तीच्या आधी कॉपी असं लिहून दे. पतसंस्थेचं बिल मात्र फेब्रुवारीतच पाठव. मार्चमध्ये गेलं तर संचालकांच्या सभेत अडकतं आणि पुढच्या वर्षात ढकलतात.